आठव्याच्या आधी नववा

“हा बाबा आधी माफी मागतो आणि पाप नंतर करतो. कुणी बांधलंय हे पुस्तक?”

ग्रंथालयाचा काउंटर आणि आमचा बाइंडिंगचा विभाग यांच्या मधल्या भिंतीत हातभर रुंदीची एक खिडकी आहे. फाटकी पुस्तकं तिच्यातून आत येतात आणि बरी होऊन बाहेर जातात. त्यांच्या नोंदी होतात. आवाजाची नोंद होत नाही, तो सगळाच्या सगळा आत येतो. मी खिडकीच्या अलीकडे खाली वाकून खळीच्या भांड्याचं झाकण शोधत होते, त्यामुळं बोलणाऱ्याला मी दिसत नव्हते आणि मला तो. दिसायची गरजही नव्हती. त्या आवाजाच्या अंगाखांद्यावर मी वाढले आहे. माझा थोरला भाऊ. आई-वडील गेल्यावर ज्यानं माझ्या वेण्या घातल्या, वाकड्या घातल्या, पण घातल्या. ज्यानं मला या विभागात आणलं, सुई धरायला शिकवलं. आणि ज्याच्या डाव्या हाताची तीन बोटं अकरा वर्षांपूर्वी याच खोलीत, आमच्या कटिंग मशीनखाली गेली. तेव्हापासून तो खिडकीच्या पलीकडचा झाला. रोज सकाळी दहाला येतो, वाचनकक्षात बसून बारापर्यंत वाचतो, उजव्या हातानं पानं उलटतो. तो मुळात डावखुरा.

काउंटरवरच्या बाई कुणालाही सोडत नाहीत. त्या म्हणाल्या, “पुढं करायचंच आहे म्हणून आधीच मागून ठेवली असेल हो, काका. हुशार माणूस.”

“हुशार कसला, रशियन आहे,” दादा म्हणाला. “फर्मा मागंपुढं झालाय. आणि शिलाई बघा, एक टाका इकडचा तिकडं नाही. इतकी देखणी शिलाई आणि फर्मा चुकलेला. कुणाची आहे ते मला सांगू नका.”

झाकण माझ्या हातात होतं. ते मी भांड्यावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. बावीस वर्षांत माझ्या हातून फर्मा चुकलेला नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. म्हणजे थोडं फुशारकीनंच सांगते, कारण सातवीत शाळा सुटलेल्या बाईला फुशारकी मारायला एक तरी जागा हवी, आणि माझी ही आहे. फर्मा म्हणजे छापलेल्या मोठ्या कागदाची घडी, सोळा पानांची. असे वीस-पंचवीस फर्मे एकावर एक रचून शिवले की पुस्तक. जुनं पुस्तक दुरुस्तीला आलं की त्याची शिलाई उसवायची, फर्मे सुटे करायचे, घडीच्या पाठीकडचे फाटलेले कणे पातळ कागदानं जोडायचे आणि पुन्हा ओळीनं रचून शिवायचं. त्यात चूक व्हायला जागा नाही, कारण प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो. नवशिका माणूस आकडा बघतो. मी बघत नाही. माझं शिक्षण या सुट्या फर्म्यांवरच झालेलं आहे. कितीतरी पुस्तकं मी मधूनच वाचली, कितीतरी माणसं मला म्हातारपणी भेटली आणि मग तरुण झाली. तरी रचताना हात आपोआप बरोबर जातो. गेला नाही तो याच पुस्तकात, आणि का गेला नाही ते खळीचं भांडं हातात घेऊन उभी असताना मला एका क्षणात कळलं. आपल्याला आपली चूक कळायला वेळ लागत नाही. तिच्याकडं तोंड करून उभं राहायला लागतो.

त्या रशियनाचं पुस्तक माझ्याकडं आलं तेव्हा त्याचा पुठ्ठा गेलेला होता आणि पहिली चार पानंही. म्हणजे नाव नाही, फोटो नाही. मी त्याला म्हातारा म्हणायला लागले, कारण लिहिणं म्हाताऱ्याचं होतं, कशाची घाई नसलेलं. एका वहीतल्या काही पानांसाठी सरकारनं त्याला आठ वर्षं सक्तमजुरीच्या छावणीत धाडलं होतं. मला वाटलं, आता हा सरकारला झोडपणार. मला झोडपणं वाचायला आवडतं. त्यानं झोडपलंही, पण दोनच फर्मे. मग तो स्वतःकडं वळला. छावणीत त्याला एका हिवाळ्यात पाव कापायचं काम मिळालं. सुरी त्याच्या हातात आली. त्याच्या बराकीत एक संगीत शिकवणारा मास्तर होता, आजारी, ओठ मिटून काहीतरी गुणगुणत पडून राहणारा. म्हाताऱ्यानं त्याच्या तुकड्यातून नखाएवढी पट्टी कापून स्वतःकडं घ्यायला सुरुवात केली. रोज नखाएवढी. नऊ दिवस. दहाव्या दिवशी गुणगुणणं थांबलं. सगळे म्हणाले, तापानं गेला, तसाही जाणारच होता. आणि म्हातारा लिहितो की ‘तसाही’ हा शब्द सैतानानं माणसाच्या खिशात घातलेली लाच आहे.

मी त्या दिवशी तिसऱ्या पट्टीपर्यंत वाचलं आणि पुढं वाचवेना. जेवणाच्या सुट्टीत मी आठवा फर्मा उपडा ठेवला आणि सरळ नववा उघडला. मला बघायचं होतं, याला माफी मिळते का. नवव्या फर्म्यात तो सुटून आलेला आहे, तीन दिवस आगगाडीतून प्रवास करून मास्तरांच्या मुलीच्या दारात उभा आहे, टोपी हातात, आणि नऊच्या नऊ दिवस एकेक करून सांगतो आहे. ती ऐकून घेते. एक शब्द बोलत नाही. दार लावून घेते. मग तो त्या बंद दारासमोर उभा राहतो, आणि कित्येक वर्षांनी त्याला प्रार्थना करता येते. बस, फर्मा संपला. मला त्या बाईचा इतका राग आला की मी मावशींवर खेकसले, खळीत गुठळ्या झाल्यात म्हणून. मावशी म्हणजे आमच्या विभागातली खळ शिजवणारी, माझ्याहूनही जुनी. त्या म्हणाल्या, “खळीत नाहीत गं, तुझ्या डोक्यात झाल्यात.” आठवा फर्मा मी पिशवीत घालून घरी नेला. हे नियमात बसत नाही. तीन संध्याकाळी मी तो थोडा थोडा वाचला, जशी तो पट्टी कापत होता तसा, आणि चौथ्या दिवशी आणून गठ्ठ्यात ठेवला. कुठं ठेवला? मी ज्या क्रमानं वाचलं त्याच क्रमानं ठेवला. नवव्याच्या नंतर आठवा. अपराधाआधी क्षमेची चौकशी करणाऱ्या बाईनं बांधलेलं पुस्तक दुसरं कसं निघणार?

बारा वाजता दादा गेला आणि काउंटरवरच्या बाईंनी पुस्तक खिडकीतून आत सरकवलं. “तुमच्या बंधूंची तक्रार. म्हणाले, घाई नाही, नीट करा म्हणावं.” त्यांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं. दादाच्या बोटांच्या घटनेनंतर पाच वर्षांनी त्या नोकरीला लागल्या आहेत; त्यांना ठाऊक नसावं. पण या इमारतीत ठाऊक नसलेलं काही असतं असं मला वाटत नाही. फक्त न बोललेलं असतं.

सांगते. आमचं कटिंग मशीन दोन बटणांचं आहे. डावं आणि उजवं, दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली येतं, म्हणजे दोन्ही हात बटणांवर असले पाहिजेत, म्हणजे एकही हात पात्याखाली असू शकत नाही. ज्यानं हे यंत्र काढलं त्याला माणसाचा स्वभाव ठाऊक होता. पण काम घाईचं असलं की एका हातानं गठ्ठा सारखा करायचा आणि दुसऱ्यानं कापायचं अशी सवय सगळ्यांनाच लागते. मग कापडाच्या नाहीतर पुठ्ठ्याच्या तुकड्याची घडी करून एका बटणाच्या कडेला ठोसायची. बटण दाबलेलंच राहतं. ‘घडी घालणं’ म्हणतात आमच्यात. एकच नियम होता, लिहिलेला नव्हता पण पक्का होता: ज्यानं घातली त्यानं काढायची आणि खिशात टाकायची. प्रत्येकाची घडी वेगळी. कुणी चुरगाळून कोंबायचा, कुणी कागदाची सुरळी. माझी घडी कण्याला लावायच्या कापडाची, चार पदरी, कडा आत दुमडलेल्या. घडी कशी करायची ते मला दादानंच शिकवलं होतं, बटणासाठी नव्हे, पुस्तकांसाठी. तो स्वतः कधी घडी घालायचा नाही. म्हणायचा, मी जेवतो एका हातानं, पण कापतो दोन हातांनी. आम्ही हसायचो.

त्या दिवशी वर्षअखेरीच्या नोंदवह्या होत्या, तीनशे, दुपारच्या आत कापून हव्या होत्या. दादा चष्मा पुसायला म्हणून बाहेर गेला, मी मशीनवर उभी राहिले, घडी घातली, दोन गठ्ठे कापले. मग खिडकीतून कुणीतरी मला हाक मारली, कसल्या तरी फाटलेल्या नकाशाबद्दल. मी गेले. दोन मिनिटं, फार तर तीन. नकाशावर एक तळं होतं, फाट बरोबर त्या तळ्यातून गेली होती, आणि मी म्हणत होते की हे पाठीमागून चिकटवू, दिसणार नाही. तेवढ्यात माझ्यामागं दादा परत आला होता; डावा हात गठ्ठ्यावर, उजवा सवयीनं बटणावर, आणि दुसरं बटण माझ्या काढायच्या राहिलेल्या घडीनं दाबलेलंच. पातं खाली आल्याचा आवाज झाला. तो आवाज मी दिवसातून शंभर वेळा ऐकते. त्या वेळचा वेगळा नव्हता. हेच मला आजही पटत नाही, की तो वेगळा नव्हता.

दादा कागद बोटांनी वाचायचा. डोळे मिटून, डाव्या हाताच्या बोटांची टोकं कागदावरून फिरवून सांगायचा, याच्या तंतूंचा धागा उभा आहे, याचा आडवा. हा दमट जागेतून आलाय. हा दोन वर्षांत पिवळा पडेल. मी वीस वर्षांत उभा-आडवा ओळखायला शिकले, दमट कसं ओळखतात ते मला अजून येत नाही. ती टोकं गेली. हे मी चौकशीच्या कागदावर कुठं लिहिलेलं बघितलं नाही. तिथं ‘डाव्या हाताची तर्जनी, मध्यमा व अनामिका’ असं होतं.

चौकशीला एका लांब टेबलाभोवती साहेब आणि आम्ही पाच जण होतो. टेबलावर एका पारदर्शक पाकिटात घडी ठेवलेली. साहेबांनी विचारलं, ही कुणाची? डोक्यावर पंखा कुरकुरत होता. मावशींना ठाऊक होतं, त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. इतर दोघांनाही ठाऊक होतं. दादा हात गळ्यात बांधून बसला होता. त्यानं पाकीट उजव्या हातानं जवळ ओढलं, वाकून बघितलं, खूप वेळ बघितलं, मी मनात म्हणत होते की आता सांगते, आता, हा पंखा एक फेरा पुरा करू दे, आणि दादा म्हणाला, “माझीच.” साहेबांनी कागद पुढं केला. त्यानं उजव्या हातानं सही केली, पहिलीतल्या पोराच्या अक्षरात. ‘स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.’ सहा महिन्यांत तो नोकरीतून मोकळा झाला आणि त्याच्या जागेवर मी आले.

यानंतरची अकरा वर्षं एका वाक्यात सांगता येतात: दादा माझ्यावर कधी रागावला नाही. नातेवाईक म्हणाले, देवमाणूस. वहिनी म्हणाली, यांच्या मनात काही राहतच नाही. आधी तो मला दिवसातून दहा वेळा बोलायचा. चहा सांडला, वेंधळे. सुई हरवली, वेंधळे, डोळे घरी ठेवून आलीस का? लग्न जमलं नाही तेव्हा म्हणाला, बरं झालं, त्या घराला तू झेपली नसतीस, वेंधळे. त्या दुपारनंतर मी त्याच्या तोंडून हा शब्द एकदाही ऐकला नाही. मी त्याच्या घरी मुद्दाम कप फोडला आहे. तो म्हणाला, “असू दे, लागलं नाही ना?” चांगुलपणाची पण एक भिंत असते, गुळगुळीत, कुठं धरून चढावं अशी एक खाच नसलेली. आणि मी तिच्या या बाजूला मजेत राहिले असं म्हणायला हरकत नाही. माझ्याकडं कारणं होती, चांगली टिकाऊ कारणं, पुठ्ठ्यासारखी. सगळेच घालायचे. कामाची घाई वरून आलेली. नियम मोडल्याशिवाय ते काम होण्यासारखं नव्हतंच. शिवाय दादानं स्वतः ‘माझीच’ म्हटलं. आता मी बोलले तर तो खोटा ठरेल. हे शेवटचं मला विशेष आवडायचं. त्यात मी गप्प राहून त्याच्यावरच उपकार करत होते.

तर या सगळ्यात तो रशियन म्हातारा माझ्या पिशवीत बसून माझ्या खोलीवर आला. त्याला छावणीत धाडणारे लोक म्हणत होते, माणूस म्हणजे परिस्थितीचा गोळा; परिस्थिती बदला, पाप उरणार नाही. म्हातारा म्हणतो, मला छावणीत घातलंत त्यापेक्षा हा अपमान मोठा आहे. परिस्थितीनं सुरी धरली नव्हती. मी धरली होती. ते माझ्याकडून काढून घेतलंत तर त्या नऊ दिवसांत मी तिथं नव्हतोच असं होईल. मग मास्तरांना कुणी मारलं, बर्फानं? तो ख्रिस्ताला मानणारा, आणि त्याचं म्हणणं असं, की माणूस देवाच्या रूपावर घडवलेलं भांडं आहे आणि त्याला पहिल्याच दिवशी तडा गेलेला आहे. तडा सगळ्यांना आहे, म्हणून त्याला मारणाऱ्या पहारेकऱ्यालाही तो तुच्छ म्हणत नाही. नऊ दिवस सुरी हातात धरल्यावर हाताला सवय किती लवकर होते ते त्याला कळलेलं. पण सगळ्यांना तडा आहे म्हणून माझा तडा लहान होत नाही, असंही तोच म्हणतो. आणि भांड्यानं स्वतःला सांधायचं म्हटलं तर तेही जमत नाही. त्यानं फक्त जिथं फुटलं आहे तिथं बोट ठेवून दाखवायचं. पुढचं ज्याचं त्याच्या हातात.

माझं देवाशी भांडण नाही, आणि तशी ओळखही नाही. जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यासारखं आहे, तो वर जातो, मी खाली. त्यामुळं म्हाताऱ्याशी मी पुष्कळ वाद घातला. म्हटलं, तडा-तडा काय करतोस, तू माझ्या भावाला बघ. तीन बोटं देऊन वर बहिणीचं पाप अंगावर घेतलं आणि अकरा वर्षांत आवाज चढवला नाही. याचा तडा दाखव. छापलेली माणसं वाद घालत नाहीत, वाट बघतात. आणि मग दादाच त्याचं पुस्तक घेऊन काउंटरवर उभा राहिला.

दुपारी मी शिलाई उसवली. आपलेच टाके उसवताना एक विचित्र समाधान असतं. दोरा चांगला ताणलेला निघतो. आठवा आणि नववा बाजूला काढले, तळाचे आकडे बघितले, या वेळी मोठ्यानं म्हणून बघितले. मावशी म्हणाल्या, “काय गं, अंकलिपी सुरू केलीस?” मी म्हटलं, “मावशी, ती घडी माझी होती.” त्या खळ ढवळत होत्या. ढवळतच राहिल्या. मग म्हणाल्या, “सगळेच घालायचे गं.” अगदी मायेनं म्हणाल्या, आणि मला माझंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर कळलं की ते किती वर्षांचं शिळं आहे. मी म्हटलं, “सगळे घालायचे. त्या दिवशी मी घातली होती.” त्यांनी पळी भांड्याच्या कडेवर आपटून झटकली. “मग मला कशाला सांगतेस?” बरोबरच होतं. मला म्हाताऱ्याचा हेवा वाटला नाही, उलट लाज वाटली. त्याला तीन दिवसांचा आगगाडीचा प्रवास होता. मला दोन चौक ओलांडायचे होते. चालत बारा मिनिटं.

शिवून झालं, कण्याला खळ लावली, दाबाखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी वाळलं तेव्हा बघते तर अदलाबदल केलेल्या दोन फर्म्यांच्या कडा केसभर बाहेर. कापायला हवं होतं. मी मशीनपाशी गेले. घटनेनंतर तीन महिने कुणी घडी घातली नव्हती, मग हळूहळू पुन्हा सुरू झालं असतं. मी होऊ दिलं नाही. माझ्या विभागात दोन हातांनीच कापतात, आणि यावरून माझ्यामागं काय बोलतात ते मला त्या खिडकीतून ऐकू येतं. मी पुस्तक पात्याखाली सरकवलं, हात मागं घेतले, दोन्ही बटणांवर ठेवले. बटणं गार होती. डाव्या बटणाच्या कडेला धातूवर एक चरा आहे, घड्या ठोसून ठोसून पडलेला. त्या चऱ्यात माझा वाटा किती, दुसऱ्यांचा किती, हे आता कुणाला सांगता येणार नाही. त्या दिवशीचा मात्र सगळा माझा. मी दाबलं. केसभर कागद खाली पडला, पांढरी धूळ म्हणावी इतका.

संध्याकाळी ऊन अजून भिंतींवर होतं तेव्हा मी दादाच्या दारात उभी राहिले. वहिनी पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर बसली होती. ती घरी शिवणकाम करते, दादा कपडे पोचवून येतो. तो खिडकीशी खुर्ची टाकून बसला होता. वहिनी लाडात असली की मला वन्सं म्हणते. म्हणाली, “या वन्सं. आज वाट चुकलात?”

“पुस्तक आणलंय,” मी म्हटलं. “नीट करून.”

दादानं ते उजव्या हातात घेतलं, कणा बघितला, कडेवरून अंगठा फिरवला. “चांगलं झालंय.” मग म्हणाला, “पण चुकलेलं होतं तेच बरं होतं, असं आता वाटतंय मला.”

“का?”

“का म्हणजे, आधी ती बाईच भेटली ना मला. दार लावून घेणारी. हा बिचारा तीन दिवस गाडीतून आलाय, टोपी हातात घेऊन उभा आहे, आणि ही बया एक शब्द न बोलता दार लावते. मी तिला मनात शिव्या दिल्या. म्हटलं, काय दगड आहे. मग पुढं गेलो तर पाव कापायचं आलं. नऊ दिवस. ते वाचलं आणि पानं मागं उलटून पुन्हा त्या दारापाशी आलो.” त्यानं डावा हात मांडीवर ठेवलेला होता, नेहमी ठेवतो तसा, उजव्याखाली झाकून. “ती बरोबर होती. तिनं दार लावलं म्हणून तरी त्याला कळलं की तिच्या घरात खरंच कुणीतरी गेलं होतं.”

वहिनीचं यंत्र चालू होतं. मी उभीच होते. आकडा बघून फर्मा लावावा तसं मी ते वाक्य जागेवर ठेवलं.

“दादा, ती घडी माझी होती.”

यंत्र थांबलं. सुई कापडात खुपसलेली राहिली. वहिनी लगबगीनं उठली. “अहो, बसा ना आधी. चहा टाकते. झालं गेलं, आता कशाला ते—”

“थांब जरा,” दादा तिला म्हणाला. मग माझ्याकडं न बघता, “चार पदरी. कडा आत. मीच शिकवली होती ना तुला. पाकिटातून दिसली तेव्हाच कळलं.”

“मग तू—”

“तिथं मी काय म्हणायला हवं होतं? बहिणीची आहे, घ्या लिहून?”

“अहो, यांनी कधी मनात ठेवलं नाही हो, वन्सं,” वहिनी म्हणाली. “देवाशपथ सांगते. एकदा म्हणून तुमच्याबद्दल वावगं बोलले नाहीत. देवमाणूस आहेत हो.”

“ठेवलंय,” दादा म्हणाला.

वहिनी कापडाची कड धरून तशीच उभी राहिली.

“देवमाणूस, देवमाणूस करून तुम्ही सगळ्यांनी मला कोनाड्यात बसवलंत. तिथं बसून माणसाला काही बोलता येतं का? कोण आलं, गेलं, बघत राहायचं.” त्यानं उजवा हात उचलला, आणि डावा तसाच उघडा मांडीवर राहू दिला. मी तो अकरा वर्षांत इतका नीट कधी बघितला नव्हता. आता बघितला. त्यानं मला बघू दिला. “घडी घातलीस, ठीक आहे. सगळेच घालायचे. काढायची विसरलीस, तेही एक वेळ ठीक, तू विसरतेसच. पण त्या खोलीत मी ती जवळ ओढली. एवढा वेळ बघत राहिलो, कशासाठी? तू बोलशील म्हणून. तू समोर बसली होतीस. मी म्हणालो ‘माझीच’, आणि तू मला म्हणू दिलंस.”

बोलताना त्याचा आवाज चढला होता. कितीतरी वर्षांनी चढला होता, आणि त्या लहान खोलीत तो ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

“त्याचा राग आहे मला,” दादा म्हणाला. “अजून आहे. तुझ्यावर, वेंधळे.”